आंबोली : धबधबा सोडून अजून काय? (आई, गुडघे आणि बेडूकवेडा मुलगा सोबत)

नीरजा_क | २८ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आधी इथे कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आम्ही चौघं पुण्याहून आंबोलीला जायचं म्हणतोय. मी, नवरा, आई (६८, गुडघे फार साथ देत नाहीत) आणि चिरंजीव, वय १०. चिरंजीवांना सध्या बेडकांनी झपाटलंय, म्हणजे घरात डायनॉसॉर संपले आणि बेडूक सुरू झाले. आंबोली टोड नावाचा एक भेक की बेडूक फक्त तिथेच सापडतो असं त्याने कुठेतरी वाचलंय आणि तो बघितल्याशिवाय आपण परत यायचं नाही असं आधीच ठरलंय (त्याचं).

नवऱ्याला सुट्टी १५ ऑगस्टच्या जोडून मिळतेय. तेव्हा गेलो तर चालेल का? राहायचं कुठे, आईला झेपेल असं काय आहे, रात्री जंगलात जाणं कितपत सेफ? आणि जळवा. जळवांबद्दल खरं खरं सांगा.

चहाबाज | २८ मे, रात्री १०:३१

जळवांबद्दल खरं खरं : त्या तुम्हाला शोधतात, तुम्ही त्यांना नाही.

बाकी धाग्याला शुभेच्छा, खुर्ची टाकून बसलोय.

बाबल | २८ मे, रात्री ११:०५

ताय, १५ ऑगस्टाक येव नकात. हात जोडून सांगतंय. त्या दिवसांनी धबधब्याकडे धबधबो दिसना नाय, माणसांच दिसतत. गाड्ये घाटात दोन दोन तास अडाकतत. सोमवार ते गुरवार येवा. छत्री हाडू नकात, वाऱ्यान उलटी जाता नि काड्यो हातात रवतत, रेनकोट हाडा. कपडे चार दिस सुकणत नाय तेचो हिशेब करून बॅग भरा.

घाटवाट | २९ मे, सकाळी ८:२०

बाबलशेठना +१००.

मी गेली अकरा वर्षं जवळजवळ दर पावसाळ्यात एक फेरी मारतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोकांच्या डोक्यात आंबोली म्हणजे घाटातला तो मोठा धबधबा. तो गावापासून तीनेक किलोमीटर खाली सावंतवाडीच्या बाजूला आहे, अगदी रस्त्याला लागून, पायऱ्या आहेत, शेजारी मक्याची कणसं आणि भजी. वाईट नाहीये तो, मधल्या वारी सकाळी सातला गेलात तर अंगावर काटा येतो. पण त्याला दहा मिनिटं पुरतात. लोक साडेतीनशे किलोमीटर गाडी हाणत येतात, त्या दहा मिनिटांसाठी तीन तास ट्रॅफिकमध्ये घालवतात, ओले होतात आणि गोव्याला निघून जातात, आणि मग म्हणतात आंबोलीत काय आहे.

आंबोलीत जे आहे ते गुडघ्याच्या खाली आहे. डबकी, गटारं, पालापाचोळा, जांभ्याचे सडे म्हणजे उघडी खडकाळ पठारं, दगडांच्या फटी. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथे, म्हणजे आपल्या पुण्याच्या साधारण दहापट, आणि तो सगळा चार महिन्यांत, तर त्या पाण्यावर काय काय जगत असेल विचार करा.

तारखेचं म्हणाल तर मुलाला आंबोली टोडच बघायचा असेल तर ऑगस्ट उशीर होईल. त्याचा विणीचा मोसम अगदी सुरुवातीचा, वळवाचे आणि मान्सूनचे पहिले पाऊस. जूनचा मध्य धरा.

सड्यावरची | २९ मे, सकाळी ९:४७

वर घाटवाट म्हणतायत ते बरोबर. मी इकडचीच, प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे थोडी भर घालते.

आंबोली टोडचं शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना. अंगाच्या कडेने पिवळे वाघासारखे पट्टे असतात म्हणून टायगरिना. २००९ साली नवी जात म्हणून नोंद झाली, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा थोडीच मोठी :) आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत 'अतिशय संकटग्रस्त' म्हणजे जंगलातून नामशेष होण्याच्या अगदी आधीच्या पायरीवर. अंगठ्याएवढा जीव. अंडी घालतो कुठे तर सड्यावर जांभ्याच्या खळग्यात साठलेल्या वीतभर पाण्यात, नदीत नाही तळ्यात नाही. तिथे मासे नसतात हा फायदा, पण पावसाने दोन-चार दिवस दडी मारली की खळगा सुकतो. म्हणून पिल्लांना घाई असते, आणि खायला कमी पडलं की ती एकमेकांनाच खातात. मुलाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग मात्र जून ते ऑगस्ट कधीही दिसेल. हिरवागार, बोटांमधला पडदा नारिंगी. पाण्यावर आलेल्या फांदीवर मादी पायांनी फेस घुसळते, अंड्याचा पांढरा फेटल्यासारखा, आणि त्यात अंडी देते. पिल्लं तयार झाली की फेसातून टपटप खाली पाण्यात पडतात. गावात एखाद्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा ही घरटी लटकलेली दिसतील, त्यासाठी आईंना जंगलात चालायची गरज नाही.

नीरजा_क | २९ मे, दुपारी १:१५

बापरे केवढी माहिती! सड्यावरची, एकमेकांना खातात हे वाक्य चिरंजीवांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. आनंदाने उड्या मारतोय. मुलं विचित्र असतात.

म्हणजे ऑगस्ट कॅन्सल, जून बघते. नवऱ्याच्या सुट्टीचं काहीतरी करायला लागेल.

बेळगावी_कुंदा | २९ मे, दुपारी २:४०

पुण्याहून येताय तर कोल्हापूर ओलांडून संकेश्वरला वळा, गडहिंग्लज, आजरा, आंबोली. आजऱ्यानंतर शेतं मागं पडून झाडी सुरू होते बघा तिथूनच काचा खाली करायच्या. आम्ही बेळगावहून तासा-दीड तासात येतो, वाटेत नांगरतास लागतो, अरुंद घळीत पाणी कोसळतं, वरून पूल आहे त्यावर उभं राहून बघता येतं, आईंना आरामात जमेल. आवाजच एवढा असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही.

अवांतर : आमचे आजोबा सांगायचे की हा रस्ताच मुळात इंग्रजांनी वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला माल आणायला केला. आधी रस्ता, मग त्यांना थंड हवा आवडली, मग हिल स्टेशन.

डॅलसकर | २९ मे, दुपारी ४:०२

इकडे पारा चाळीसला टेकलाय आणि तुम्ही फेस आणि धबधबे लिहिताय. इनोचं पाकीट फोडलंय. चालू द्या.

मॅक्रोमॅन | २९ मे, रात्री ९:१८

माझे दोन पैसे. राहायला हॉटेलपेक्षा होमस्टे बघा जिथे रात्रीच्या वॉकची सोय आहे. आम्ही ग्रुपने दर जुलैत जातो, साप म्हणाल तर मलबारी चापडा, हिरवा चापडा, मांजऱ्या सगळं मिळतं. एका रात्रीत सहा चापडे केलेत. मुलाला छोटा कॅमेरा आणि डिफ्यूझर द्या, आयुष्यभर लक्षात राहील. गाइडला सांगितलंत तर साप नीट मोकळ्या फांदीवर घेऊन देतात, बॅकग्राउंड क्लीन मिळतं.

सड्यावरची | २९ मे, रात्री ९:३३

'नीट मोकळ्या फांदीवर घेऊन देतात' म्हणजे काय?

मॅक्रोमॅन | २९ मे, रात्री ९:४१

अहो काठीने अलगद उचलून. इजा वगैरे काही नाही, नंतर सोडतोच आपण.

सड्यावरची | २९ मे, रात्री १०:२०

राग आवरून लिहितेय.

चापडा शिकारीच्या मागे धावत नाही, तो दबा धरून बसतो. एकाच फांदीवर, एकाच दगडावर दिवसच्या दिवस. ती जागा त्याने निवडलेली असते. तुम्ही बॅकग्राउंडसाठी त्याला दहा फूट हलवलंत, वीस जणांनी फ्लॅश मारले, मग तुम्ही जेवायला गेलात. तो उपाशी. दुसऱ्या रात्री दुसरी बॅच. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, साप पकडणं गुन्हा आहे, फोटोसाठी असलं म्हणून सूट नाही.

आणि लहान मुलगा सोबत आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. चापड्यासाठी नाही. मोठा माणूस चापड्याच्या दंशाने सहसा मरत नाही पण सूज आणि वेदना भयंकर, आणि डॉक्टरांच्या हातात नेमकं औषध नसतं. तेव्हा काठीचे खेळ करणारा गाइड असेल तर तिथूनच मागे फिरा.

मॅक्रोमॅन | २९ मे, रात्री १०:५२

एवढं टोकाचं नका बोलू. फोटोग्राफर आले म्हणून तर गावात पैसा आला, नाहीतर लोक साप दिसला की ठेचायचे. हे पण खरं आहे की नाही?

बाबल | २९ मे, रात्री ११:३०

खरां आसा. माझो बापूस ठेचायचो. मी नाय ठेचणंय. पण काठयेन उचलूचो पण नाय. दोन्ही खरां आसा.

आमच्या गावात मलबार नेचर कॉन्झर्व्हेशन क्लबाची पोरां हत, तेंका इचारा. साप खय बसता ता तेंका म्हायत आसता, हात लावचो लागना नाय.

गणपुले_काका | ३० मे, सकाळी ६:१०

वाद वाचला, दोन्ही बाजू पटल्या, वय झालं की असं होतं.

हिरण्यकेशीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गावापासून पाचेक किलोमीटरवर, गाडी जवळपास जाते, नंतर थोडं चालणं, फरशीची वाट आहे. महादेवाचं देऊळ आणि मागे गुहा, गुहेतून नदी बाहेर पडते. हीच नदी आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते, म्हणजे समुद्र हाकेच्या अंतरावर असताना ही बाई पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. मला दर वेळी याची गंमत वाटते.

तिथल्या कुंडात एक बोटभर मासा आहे, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० साली नवी जात म्हणून जाहीर झाला. शोधणाऱ्या तिघांत तेजस ठाकरे होते, लगेच राजकारण सुरू करू नका, विनंती. पुढच्या वर्षी शासनाने त्या कुंडासकट २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एका माशासाठी! मी १९७८ साली त्या कुंडात मनसोक्त आंघोळ केली होती, वर कपडेसुद्धा धुतले होते. मासा तेव्हाही असणार. मनातल्या मनात माफी मागितली.

चहाबाज | ३० मे, सकाळी ९:०५

काका, माशाने पण तुमच्या साबणाची जात नोंदवली असेल.

ओलेती_वाट | ३० मे, दुपारी १२:२५

कावळेसादला नक्की जा. दरी आहे खोल, आणि खालून वारा एवढ्या जोरात कड्यावर आपटून वर चढतो की धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं आणि आपल्याच तोंडावर येतं. धुकं असेल तर काही म्हणजे काहीच दिसत नाही, नुसता पांढरा पडदा आणि त्यामागे कुठेतरी पाण्याचा आवाज, दहा मिनिटं थांबायचं, पडदा फाटतो, अख्खी दरी दिसते, परत बंद.

पण रेलिंगच्या पलीकडे एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. लोक गेलेत तिथून. मुलाचा हात सोडू नका.

नीरजा_क | ३० मे, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. बुकिंग झालं, १६ ते १९ जून, मंगळवार ते शुक्रवार. होमस्टे, गाइड गावातलाच, मी फोनवर आधी विचारलं 'साप काठीने उचलता का', तो म्हणाला 'उचलूचो असात तर दुसरो बघा'. मग लगेच पैसे भरले.

आल्यावर लिहिते.

नीरजा_क | २२ जून, रात्री ९:३०

आलो! कपडे अजून सुकले नाहीत. गाडीला वास येतोय तो वेगळाच.

क्रमाने नाही सांगता येणार, सुचेल तसं लिहिते. पहिल्या संध्याकाळी आजऱ्याच्या पुढे धुक्यात शिरलो आणि समोरची गाडी दिसेना, नवरा वीसच्या स्पीडने, आई मागे रामरक्षा. पोचलो तर लाइट गेलेले, मेणबत्तीत कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि फागलांची भाजी. आईने तीनदा भात घेतला. पुण्यात ती एक पोळी खाते.

मोठा धबधबा बुधवारी सकाळी सातला बघितला, आम्ही आणि एक कुत्रा. घाटवाट, दहा मिनिटांचं तुम्ही सांगितलं होतंत, आम्ही अर्धा तास थांबलो कारण आई हलेना. एका दगडाआड शीळ घालत होतं कुणीतरी, अगदी एखादा पोरगा शाळा बुडवून वाजवतोय तशी बेसूर. गाइड म्हणाला शीळकरी कस्तूर. दिसला नाही, नुसती शीळ.

कावळेसादला पडदा उघडलाच नाही. पाऊण तास. मग चहा पिऊन परत.

रात्रीचं मात्र वेगळं प्रकरण. आईला रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून दिली, हातात टॉर्च, आम्ही आसपास. वॉकला जायची गरजच नव्हती असं म्हणेन मी, पहिला ग्लायडिंग फ्रॉग आईलाच सापडला, होमस्टेच्या टाकीवर, फेसासकट. 'अगं हा तर साबणाचा फेस आहे' म्हणून ती पुसायला निघाली होती, गाइडने धावत जाऊन अडवलं. चापडा एक बघितला, तपकिरी, ओल्या दगडावर दगडासारखाच. पाच फुटांवरून दोन मिनिटं, गाइडने टॉर्च बाजूला घेतला, बास. दुसऱ्या रात्री तिथेच होता, इंचभर पण हललेला नव्हता. सड्यावरची, तुमची आठवण काढली.

ओडोमॉस लावून गेलो होतो तर गाइडने सगळ्यांचे हात धुवायला लावले, चुकून कुणी बेडकाला हात लावला तर म्हणे त्याच्या कातडीतून ते सगळं आत जातं, तो कातडीनेसुद्धा श्वास घेतो. आमच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

आता टोड. दोन रात्री नाही. तिसऱ्या रात्री सड्यावर गेलो, वारा असा की टॉर्च धरवत नव्हता, आणि ट्रॅक्टरच्या चाकाने पडलेल्या चाकोरीत, म्हणजे धड खळगाही नाही, अर्धा फूट लाल पाणी, तिथे चिरंजीव ओणवा होऊन बसला आणि काहीच बोलेना. मी घाबरले, म्हटलं चावलं काय. तो फक्त बोट दाखवतोय. दोन होते. अंगठ्याएवढे, पिवळे पट्टे. गाइडसुद्धा हसला. अंडी पण होती, काळ्या मण्यांसारखी.

आणि हे लिहू की नको असं वाटतंय पण लिहिते. परत येताना मुख्य रस्त्यावर गाडीच्या उजेडात चिरंजीवाला रस्त्यावर चिकटलेले बेडूक दिसायला लागले. पानं वाटत होती आधी. तो मोजायला लागला. होमस्टेपर्यंत सत्तावीस. एक साप, तो धरला तर अठ्ठावीस. मग त्याने बाबाला गाडी थांबवायला लावली आणि स्वतः रेनकोट घालून टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे चालत निघाला, गाइड त्याच्या बाजूला, आम्ही मागून पहिल्या गिअरमध्ये. मागून एक गोव्याच्या दिशेने जाणारी गाडी सारखी हॉर्न मारत होती, शेवटी ओव्हरटेक करून काच खाली करून काय काय बोलून गेली. नवरा एरवी उतरून भांडला असता. काही बोलला नाही. शेवटचा दीड किलोमीटर आम्ही चाळीस मिनिटांत आलो.

जळवा : मला चार, नवऱ्याला नऊ, चिरंजीवाला दोन, आईला एक, ती नेमकी ब्लाउजमध्ये, तो किस्सा इथे लिहिण्यासारखा नाही.

गणपुले_काका | २२ जून, रात्री १०:०१

सुरेख लिहिलंत. हिरण्यकेशीला गेलात का?

नीरजा_क | २२ जून, रात्री १०:०९

गेलो काका. मासा दिसला नाही, पाणी गढूळ होतं. तुमच्या वतीने पण माफी मागितली.

घाटवाट | २२ जून, रात्री १०:४०

रस्त्याचं वाचून गप्प झालो. अकरा वर्षांत मी त्या रस्त्यावरून रात्री किती वेळा ऐंशीने गेलो असेन. पहिल्या पावसात सगळं बाहेर पडतं, रस्ता उबदार असतो, बेडूक रस्त्यावर येतात, बेडकांमागे साप येतात.

मॅक्रोमॅन | २३ जून, सकाळी ७:५५

नीरजाताई, मस्त वृत्तांत. आमची बॅच ११ जुलैला आहे. या वेळी सगळ्यांना सांगितलंय काठी नाही. दोघांनी पैसे परत मागितले. गाइडचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का?

सड्यावरची | २३ जून, सकाळी ८:१२

मॅक्रोमॅन, हे वाचून बरं वाटलं. खरंच.

नीरजाताई, ती चाकोरी नेमकी कुठे ते इथे उघड लिहू नका प्लीज. फोटो टाकलात तर लोकेशन काढून टाका.

नीरजा_क | २३ जून, सकाळी ९:३०

नाही लिहिणार. बाबल यांना तेवढी व्यनितून सांगितलीय, चिरंजीवाचा हट्ट, पिल्लांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं म्हणे.

बाबल | २ जुलै, संध्याकाळी ६:४८

ताय, तुमच्या झिलाक सांगा, आज तेच्या डबक्याकडे गेल्लंय. बेडकांची पोरां आसत, काळी काळी, तीस-चाळीस तरी. पण तीन दिस उघडीप आसा हय, डबकां अर्ध्यार इलां. मोठी पोरां बारक्यांका खातत ता डोळ्यान बघितलंय.

नीरजा_क | २ जुलै, संध्याकाळी ७:२०

रडवेला झालाय. विचारतोय की बाबलकाका एक बादली पाणी ओततील का.

सड्यावरची | २ जुलै, संध्याकाळी ७:४४

नको रे बाळा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ओढ्याचं आणलं तर त्यातून दुसरं काहीतरी यायचं. बाबल, प्लीज काही ओतू नका.

बाबल | २ जुलै, रात्री ११:५२

ओतणंय नाय. मगाशी धा वाजता पावस लागलो. कौलार असो वाजता की टीव्ही ऐकाक येना नाय. झिलाक उठवा नि सांगा.